बंडखोर-आख्यानाचे दूरचित्रवाणी-रूप : वास्तव आणि मिथक
(रॉबिन हूड, तंट्या भिल्ल व खाजा नाईक यांच्या संदर्भात)

प्रास्ताविक

राज्यसत्तेने गुन्हेगार ठरविलेला आणि लोकांनी मात्र आपला मानलेला पुरुष हा जगातील अनेक लोकपरंपरांचा आवडता नायक आहे. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना वसलेल्या प्रदेशाला तर हा नायक अगदी जवळचा आहे. शिरपूर-सेंधव्याच्या घाटातील खाजा नाईक आणि निमाडापासून रावेर-यावलच्या डोंगरपट्ट्यापर्यंत ज्याचे नाव घेतले जाते तो तंट्या भिल्ल ही त्याची ठळक उदाहरणे होत. अशा नायकाची कथा मौखिक परंपरेतून ग्रंथात, ग्रंथातून रंगभूमीवर आणि तेथून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर येते, तेव्हा तिच्यातील वास्तव आणि मिथक यांचे परस्परसंबंध बदलतात. ते कसे बदलतात, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचनासाठी इंग्लंडमधील रॉबिन हूडची कथा मुख्य आधार म्हणून घेतली आहे. एकाच मध्ययुगीन आख्यानाची अनेक दूरचित्रवाणी-रूपे अर्धशतकाच्या काळात क्रमाने निर्माण झाल्याने येथे तुलना करता येते. त्या तुलनेतून हाती येणारी सूत्रे खानदेशातील आख्यानांना लावून पाहणे हा लेखाचा दुसरा भाग आहे.

प्रथम संज्ञांविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. इंग्लंडच्या मध्ययुगीन कायद्यात एखाद्यास 'कायद्याबाहेर' घोषित केले जाई. त्याचा अर्थ असा की, कायद्याचे संरक्षण त्याच्यावरून काढून घेतले जाई. मराठीत या संकल्पनेला तंतोतंत प्रतिशब्द नाही. 'दरोडेखोर' हा शब्द कृतीवर बोट ठेवतो, तर 'बंडखोर' हा शब्द सत्तेशी असलेल्या संबंधावर. शेजारच्या गुजरातीत 'बहारवटियो' असा स्वतंत्र शब्द आहे आणि झवेरचंद मेघाणी यांनी 1927 ते 1929 या काळात 'सोरठी बहारवटिया'च्या तीन भागांत अशा पुरुषांच्या कथा संकलित केल्या. कोणता शब्द वापरावा हा केवळ भाषांतराचा प्रश्न नाही. 'दरोडेखोर' म्हणताच निवेदक सत्तेच्या बाजूला उभा राहतो, 'क्रांतिकारक' म्हणताच तो उत्तरकालीन राष्ट्रीय इतिहासाच्या बाजूला जातो. प्रस्तुत लेखात 'बंडखोर' ही संज्ञा त्यातल्या त्यात तटस्थ म्हणून स्वीकारली आहे.

रॉबिन हूड : आख्यानाची घडण

रॉबिन हूडच्या गीतांचा साहित्यातील पहिला निर्देश 1377 च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात येतो. त्याच्याविषयीचे सर्वांत महत्त्वाचे दीर्घ कथाकाव्य 'अ गेस्ट ऑफ रॉबिन हूड' हे 1500 च्या सुमारास छापले गेले. या काव्यातील रॉबिन आज सर्वपरिचित असलेल्या रॉबिनपेक्षा बराच वेगळा आहे. तो उमराव नसून 'योमन' म्हणजे सामान्य शेतकरी आणि सरदार यांच्या मधल्या थरातील स्वतंत्र माणूस आहे. त्याचा वावर शेरवुडपेक्षा यॉर्कशायरमधील बार्न्सडेल परिसरात अधिक आहे, आणि राजा रिचर्ड नसून एडवर्ड आहे. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणे हे त्याचे सर्वश्रुत ब्रीदही येथे कार्यक्रमाच्या स्वरूपात आढळत नाही. कर्जबाजारी झालेल्या एका सरदाराला तो रक्कम उसनी देतो आणि काव्याच्या अखेरीस, त्याने गरिबांचे भले केले, एवढा उल्लेख येतो.

पुढील प्रत्येक शतकाने या कथेत आपली भर घातली. 1521 मध्ये जॉन मेजर या इतिहासकाराने रॉबिनला रिचर्ड राजाच्या काळात नेऊन बसविले. 1598 मध्ये अँथनी मंडे याच्या नाटकांनी त्याला हंटिंग्डनचा उमराव केले. 1819 मध्ये वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅनहो' कादंबरीने सॅक्सन आणि नॉर्मन यांच्या वांशिक संघर्षाची पार्श्वभूमी दिली. म्हणजे ज्याला आज 'मूळ कथा' समजले जाते ती वेगवेगळ्या काळांतील थरांनी बनलेली आहे.

या कथेमागे कोणी ऐतिहासिक व्यक्ती होती काय, याचा शोध पुष्कळ घेतला गेला आहे. त्या शोधातून मिळालेली एक नोंद वाङ्मयीन दृष्ट्या फार उद्बोधक आहे. 1262 मधील एका इंग्लिश राजदप्तरात विल्यम नावाच्या फरारी माणसाचा उल्लेख 'विल्यम रोबेहोड' असा केलेला आहे. त्याचे ते मूळ आडनाव नव्हते. फरारी माणसाला कारकुनाने हे नाव चिकटवले असावे, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. हे अनुमान मान्य केले तर तेराव्या शतकातच 'रॉबिन हूड' हे एका व्यक्तीचे नाव न राहता एका प्रकारच्या माणसाचे नाव झाले होते. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

दूरचित्रवाणीवरील रूपे

ब्रिटनमध्ये खासगी दूरचित्रवाणी 1955 मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी 'द अॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' ही मालिका प्रसारित होऊ लागली. रिचर्ड ग्रीन याने नायकाची भूमिका केलेली ही मालिका 1959 पर्यंत चालली व तिचे 143 भाग झाले. वरवर पाहता ती मुलांसाठीची साहसकथा होती. जंगलाचा बराचसा भाग चित्रीकरणगृहात चाकांवरून हलविता येणाऱ्या नेपथ्यातून उभा केलेला होता. मात्र निर्मात्या हॅना वाइनस्टीन यांनी लेखनासाठी रिंग लार्डनर (कनिष्ठ) यांच्यासारख्या, साम्यवादी असल्याच्या आरोपावरून हॉलिवुडने बहिष्कृत केलेल्या अमेरिकन लेखकांना टोपणनावांनी काम दिले होते. साम्यवादी पक्षाच्या सदस्यत्वाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास नकार दिल्यामुळे लार्डनर तुरुंगात गेलेले होते. स्वतःच्या नावाने लिहिण्याचा अधिकार गमावलेल्या लेखकांनी कायद्याबाहेर टाकलेल्या नायकाची कथा लिहावी, ही घटना लक्षणीय आहे. ज्या मालिकेत दृश्यवास्तव तोकडे होते तिच्यात अन्यायी कायदा, खबरे आणि विश्वासघात यांविषयीचे अनुभवजन्य वास्तव उतरू शकले.

बीबीसीने 1975 मध्ये सहा भागांची 'द लेजेंड ऑफ रॉबिन हूड' सादर केली. तिचा भर गंभीर ऐतिहासिक चित्रणावर होता. 2006 ते 2009 या काळातील बीबीसीच्या 'रॉबिन हूड' मालिकेने उलट मार्ग पत्करला. तिचा नायक धर्मयुद्धावरून परतलेला, युद्धाला विटलेला सैनिक आहे आणि त्या वर्षांतील पश्चिम आशियातील युद्धांची छाया संवादांवर स्पष्ट दिसते. पोशाख मध्ययुगीन, पण मनोवृत्ती व भाषा समकालीन, असा तो प्रकार होता. या दोहोंच्या मध्ये 1989 ते 1994 या काळात टोनी रॉबिन्सन यांच्या 'मेड मॅरियन अँड हर मेरी मेन' या बालमालिकेने सर्व पराक्रम मॅरियनकडे व सर्व भित्रेपणा रॉबिनकडे देऊन संपूर्ण आख्यानाचे विडंबन केले. विडंबन हे आख्यानाच्या सर्वपरिचिततेचे लक्षण असते. ज्याची मूळ चौकट प्रेक्षकाला पाठ नाही त्याचे विडंबन रंगत नाही.

'रॉबिन ऑफ शेरवुड' : दोन प्रवृत्तींचा संयोग

वास्तव आणि मिथक यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरते ती रिचर्ड कार्पेंटर यांची 1984 ते 1986 या काळातील 'रॉबिन ऑफ शेरवुड' ही मालिका. तिचे एकूण 26 भाग झाले. या मालिकेने दोन परस्परविरुद्ध वाटणाऱ्या गोष्टी एकत्र केल्या. एकीकडे तिच्यात खरी जंगले, चिखल, धूर, मळकट कपडे, राजाच्या शिकारकायद्याने पिचलेले भूदास आणि करवसुलीचा जाच आहे. दुसरीकडे हर्न हा शिंगे धारण करणारा वनदेव रॉबिनला आपला पुत्र म्हणून निवडतो. मंतरलेल्या तलवारी, चेटूक करणारे सरदार, शकुन आणि स्वप्ने हीही तिच्यात आहेत.

हर्न हा रॉबिन हूडच्या जुन्या गीतांत नाही. त्याचा पहिला लिखित उल्लेख शेक्सपिअरच्या 'द मेरी वाइव्हज ऑफ विंडसर' या नाटकात येतो आणि त्याचे नाते विंडसरच्या वनाशी आहे. म्हणजे प्रेक्षकांना जे सर्वांत प्राचीन वाटले तेच या कथेत सर्वांत नवे होते. तरीही ते उपरे वाटले नाही. याचे कारण असे की, जुन्या गीतांत हिरव्या वनाला जे स्थान होते त्याला हर्नमुळे मूर्त रूप मिळाले. 'गेस्ट'मधील रॉबिन राजदरबारी चाकरीस जातो, पण वनाच्या ओढीने परत येतो. तेथे ही ओढ भावनेच्या रूपात आहे, मालिकेत ती दैवताच्या रूपात आली. लोकमानसातील भावनेला देहधारी रूप देणे हे मिथकाचे एक प्रमुख कार्य होय. ते येथे घडते.

दुसरा मुद्दा अधिक मूलगामी आहे. नायकाची भूमिका करणारा मायकेल प्रेड दुसऱ्या पर्वानंतर मालिका सोडून गेला. निर्मात्यांपुढील ही अडचण निव्वळ व्यावहारिक होती. कार्पेंटर यांनी ती अशी सोडविली : सामान्य कुळातील पहिला रॉबिन, लॉक्सलीचा रॉबिन, मारला जातो आणि हर्न त्याच्या जागी हंटिंग्डनच्या उमरावाचा मुलगा रॉबर्ट याची निवड करतो. या योजनेमुळे परंपरेतील दोन विसंगत धागे, म्हणजे योमन रॉबिन आणि उमराव रॉबिन, एकाच कथेत सामावले गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'रॉबिन हूड' हे नाव एका व्यक्तीचे न राहता एक पद झाले. 1262 च्या राजदप्तरातील 'रोबेहोड' ही नोंद येथे आठवते. ऐतिहासिक वास्तव आणि दूरचित्रवाणीचे मिथक निराळ्या मार्गांनी एकाच ठिकाणी येऊन पोहोचले.

याच मालिकेतील नासिर हा सारासेन योद्धा मूळ परंपरेत नाही. परंतु 1991 च्या 'रॉबिन हूड : प्रिन्स ऑफ थीव्ह्ज' या चित्रपटात आणि 2006 च्या मालिकेतही रॉबिनच्या सोबत्यांत पूर्वेकडील मुस्लिम जगातून आलेले एक पात्र आहे. दूरचित्रवाणीने निर्माण केलेले पात्र अल्पावधीत परंपरेचा भाग झाले. लोकपरंपरा लेखनपूर्व काळातच संपते हा समज यामुळे खोटा ठरतो.

खानदेशातील बंडखोर-आख्याने

आता ही सूत्रे खानदेशाकडे वळविता येतील. 1818 मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा खानदेशातील भिल्लांचे गावरखवालीचे हक्क विस्कळीत झालेले होते आणि डोंगरी वाटांवर त्यांची बंडे चालू होती. 1825 मध्ये जेम्स आउट्रम याने भिल्लांचीच पलटण उभारली व धरणगाव हे तिचे ठाणे झाले. बंडखोर आणि शिपाई एकाच समाजातून, कित्येकदा एकाच घरातून यावेत, ही येथील इतिहासाची विशेष परिस्थिती आहे.

खाजा नाईक हा या परिस्थितीचा प्रातिनिधिक पुरुष होय. मुंबई-आग्रा रस्त्यावरील सेंधव्याच्या घाटाची राखण तो सरकारी चाकरीत करीत असे. ताब्यात घेतलेल्या एका लुटारूच्या मृत्यूवरून त्याला शिक्षा झाली. सुटून आल्यावर 1857 मध्ये त्याला पुन्हा चाकरीत घेण्यात आले आणि त्याच वर्षी तो बंडात उतरला. इंदूरहून मुंबईकडे निघालेला सुमारे 7 लाख रुपयांचा सरकारी खजिना नोव्हेंबर 1857 मध्ये लुटला गेला. 11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणी येथे मोठी लढाई झाली. पकडलेल्या पुष्कळांना तेथल्या तेथे लष्करी न्यायालयापुढे उभे करून गोळ्या घालण्यात आल्या व स्त्रियांनाही कैद करण्यात आले. 1860 मध्ये खाजा विश्वासघाताने मारला गेला.

तंट्या हा यानंतरच्या पिढीतला. त्याचे मूळ क्षेत्र पूर्व निमाड. 1878 मध्ये तो खंडव्याच्या तुरुंगातून निसटला आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षे पोलिसांना सापडला नाही. 1889 मध्ये तो पकडला गेला आणि 4 डिसेंबर 1889 रोजी जबलपूर येथे त्याला फाशी देण्यात आले. त्याच्या अटकेची बातमी देताना नोव्हेंबर 1889 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याला भारताचा रॉबिन हूड म्हटले होते. मराठीत बाबा भांड यांनी 'तंट्या' या कादंबरीतून त्याचे चरित्र मांडले आहे.

रॉबिन हूडच्या कथेशी या आख्यानांचे साम्य तीन ठिकाणी विशेष जाणवते. पहिले साम्य नावाविषयीचे आहे. तंट्या एकाच वेळी अनेक ठिकाणी दिसे, अशी लोकसमजूत आहे. ही अद्भुत शक्ती मानली तर ते मिथक होते. परंतु सापडत नसलेल्या माणसाच्या नावावर अनेक दरोडे जमा होणे आणि त्याचे नाव इतरांनी वापरणे या दोन्ही गोष्टी वास्तवात सहज संभवतात. 'रोबेहोड'चेही असेच झाले होते. म्हणून अनेकत्वाची ही कल्पना असत्य म्हणून बाजूला सारण्याऐवजी वास्तवाचे लोकांनी केलेले आकलन म्हणून वाचली पाहिजे.

दुसरे साम्य विश्वासघाताचे आहे. 'गेस्ट'मध्ये रॉबिनचा अंत त्याचीच नातलग असलेली मठाधिकारिणी करते. खाजाचा घात विश्वासातील माणसाकडून झाला. तंट्याविषयी असे सांगितले जाते की, त्याच्या मानलेल्या बहिणीच्या नवऱ्याने, गणपतने, राखीच्या निमित्ताने बोलावून त्याला पकडून दिले. एरिक हॉब्सबॉम यांनी 'बँडिट्स' (1969) या ग्रंथात 'सामाजिक बंडखोर' या प्रकाराची लक्षणे सांगताना तो नेहमी विश्वासघातानेच मरतो, असे नमूद केले आहे. वरवर हा कथेतील ठरावीक साचा वाटतो. मात्र ज्याला संपूर्ण मुलूख आसरा देतो तो बाहेरच्या शक्तीला सापडणे कठीणच असते. बक्षिसाच्या किंवा माफीच्या आमिषाने फुटलेला आतला माणूस हाच पोलिसांचा खरा मार्ग राहतो. येथे मिथकाचा साचा आणि पोलिसी व्यवहाराचे वास्तव यांत विरोध नाही.

तिसऱ्या ठिकाणी साम्याबरोबर भेदही आहे. रॉबिनला इंग्लिश परंपरा वनाशी जोडते, तंट्याला सातपुडा-विंध्याची परंपरा नात्याशी जोडते. तो 'तंट्या मामा' आहे. गरीब मुलींच्या लग्नाचा खर्च त्याने केल्याच्या कथा सांगितल्या जातात. आपल्याकडे लग्नात मामाला जे स्थान आणि जी जबाबदारी आहे ती ध्यानात घेतली की या संबोधनाचा अर्थ उलगडतो. मामा देतो तो उपकार नसतो, तो भाचीचा हक्क असतो. 'श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना देणारा' हे वर्णन तंट्याला दाता बनविते. 'मामा' हा शब्द मात्र घेणाऱ्याची मान ताठ ठेवतो. इंदूर-खंडवा लोहमार्गावरील पातालपाणी येथे त्याचे स्थान आहे आणि तेथे आगगाड्या त्याच्या मानासाठी क्षणभर थांबत, असे सांगितले जाते. 2021 मध्ये त्या स्थानकाला त्याचे नाव देण्याचे जाहीर झाले.

दृश्यरूपापुढील प्रश्न

भारतीय दूरचित्रवाणीवर 1987-88 मधील 'रामायण' आणि 1988-90 मधील 'महाभारत' यांनी पौराणिक कथनाची एक पद्धती रूढ केली. त्याच सुमारास 'तमस' आणि 'भारत एक खोज' यांनी इतिहासकथनाची दुसरी, वास्तवाभिमुख पद्धती दाखवून दिली. पुढे खासगी वाहिन्यांवरील ऐतिहासिक मालिकांनी वेशभूषा व नेपथ्य दुसऱ्या पद्धतीचे आणि नायकाची प्रतिमा पहिल्या पद्धतीची, असा मेळ घालण्याकडे कल दाखविला. खाजा किंवा तंट्या यांच्यासारख्या पुरुषांचे आख्यान या साच्यात बसविताना तीन धोके संभवतात.

एक, गुंतागुंतीचा लोप. खाजा नाईक हा एकदा कायद्याचा रखवालदार होता आणि लुटारूच्या मृत्यूबद्दलच शिक्षा भोगून आला होता. नंतर त्याच कायद्याने त्याला लुटारू ठरविले. नायक निष्कलंक करण्याच्या ओढीने ही पूर्वकथा गाळली, तर त्याच्या बंडाचा अर्थच हरवतो. रखवाली आणि लूट यांतील सीमारेषा सत्ता आपल्या सोयीने आखते, हे त्याच्या जीवनातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही भाषणातून होणार नाही.

दोन, वास्तवाचा अर्थ केवळ बाह्य तपशील असा करणे. तिरकामठा, मोहाची झाडे, होळीचा ढोल आणि भोंगऱ्याचा बाजार पडद्यावर दाखविले म्हणजे आदिवासी वास्तव आले असे होत नाही. 1955 च्या मालिकेत जंगल चाकांवर होते, पण अन्यायाचा अनुभव खरा होता. आपल्याकडे जंगल खरे आणि अनुभव उसना, असे होण्याची शक्यता अधिक. यात भाषेचा प्रश्न अग्रभागी येतो. भिलोरी, पावरी, अहिराणी या बोलींना केवळ विनोदापुरते किंवा गाण्यापुरते स्थान देऊन मुख्य संवाद प्रमाण भाषेत ठेवले, तर नायक आपल्याच कथेत पाहुणा होतो.

तीन, कथनाचा अधिकार. खाजाविषयीचा लिखित तपशील बऱ्याच अंशी 1880 च्या खानदेश गॅझेटिअरसारख्या सरकारी साधनांतून येतो. ती साधने टाळता येत नाहीत, कारण तारखा आणि रकमा तेथेच आहेत. मात्र त्यांतील निवेदक विजेत्याच्या बाजूचा आहे. उलट बाजूचे कथन गाण्यांत, वहीगायनासारख्या प्रकारांत आणि वृद्धांच्या आठवणींत आहे. शहादे परिसरातून पुढे आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' या कवितेत, आदिवासींविषयी आदिवासींऐवजी इतरांनीच व्यासपीठावरून बोलण्याच्या प्रथेकडे लक्ष वेधले. दूरचित्रवाणी हे आजवरचे सर्वांत मोठे व्यासपीठ होय. त्यावर तंट्याला उभे करताना बोलणारा कोण, हा प्रश्न टाळता येणार नाही.

या तिन्ही प्रश्नांना मिथक वगळणे हे उत्तर नाही. हॉब्सबॉम यांच्या मांडणीवर 1972 मध्ये अँटन ब्लॉक यांनी असा आक्षेप घेतला होता की, प्रत्यक्षातील बंडखोर पुष्कळदा गरिबांनाच जाचक ठरतात आणि त्यांच्याविषयीची गौरवकथा ही लोकांची इच्छा असते. हा आक्षेप इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ती इच्छाही साधनसामग्रीच असते. लोकांनी तंट्याला मामा का केले, याचे उत्तर तंट्याने प्रत्यक्ष काय केले एवढ्यात संपत नाही. लोकांना मामाची गरज का होती, हेही तपासावे लागते. सावकारी, जंगलावरील निर्बंध आणि तुरुंग यांचे वास्तव त्या गरजेमागे उभे असते.

समारोप

रॉबिन हूडच्या दूरचित्रवाणी-रूपांवरून असे दिसते की, वास्तव आणि मिथक यांपैकी एकाचे प्रमाण वाढविले की दुसऱ्याचे आपोआप घटते, असा नियम नाही. 'रॉबिन ऑफ शेरवुड'मध्ये दोन्ही एकत्र वाढले, कारण तेथील अद्भुत हे पीडितांच्या बाजूने रचलेले होते. नवे मिथक परंपरेला मानवते ते तिच्यात आधीच असलेल्या भावनेला रूप देते तेव्हा. या कसोटीवर तंट्याचे अनेकत्व, त्याचे मामापण आणि त्याचा झालेला घात ही तिन्ही आशयसूत्रे दृश्यमाध्यमाला जशीच्या तशी उपयुक्त आहेत. त्यांच्यावर बाहेरून चमत्कार लादण्याची आवश्यकता नाही.

'रॉबिन ऑफ शेरवुड'च्या लेखकाला शतकानुशतकांची मुद्रित गीते, त्यांची 1795 पासूनची चिकित्सक संकलने आणि दप्तरांचा शोध हाताशी उपलब्ध होता. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील बंडखोर-गीतांचे व कथांचे पाठभेदांसह, मूळ बोलीत आणि सांगणाऱ्याच्या संदर्भासह संकलन होणे, ही त्यामुळे कोणत्याही चांगल्या दृश्यरूपाची पूर्वअट ठरते. हे काम दूरचित्रवाणी करणार नाही. ते महाविद्यालयांतील मराठी विभागांचे आहे. या भागातील बहुतेक महाविद्यालयांत भिल्ल व पावरा घरांतून आलेले विद्यार्थी आहेत. ज्यांच्या आजी-आजोबांकडे ही गाणी आहेत त्यांनाच संकलक म्हणून पुढे केल्यास संहिता आणि कथनाचा अधिकार हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी मार्गी लागू शकतील.